टाकीतले काळपट किडे आणि काठीवरचा लाल चतुर: टाकी उपसू की नको?

कमळटाकी:

नमस्कार मंडळी. घरामागे सिमेंटची टाकी आहे, कमरेइतकी खोल. तिच्यात कमळ लावलंय, एका कोपऱ्यात लव्हाळा आपोआप उगवलाय. कमळाच्या देठाला आधार म्हणून मी एक वाळकी काठी रोवली होती. गेल्या उन्हाळ्यापासून त्या काठीच्या टोकावर एक लालभडक चतुर बसतो. हाकलला तर टाकीवर एक फेरी मारून परत तिथेच. दुसरा लाल चतुर आला की दोघे एकमेकांच्या मागे असे सुटतात की नजर ठरत नाही, आणि थोड्या वेळात पहिला पुन्हा काठीवर हजर. भर दुपारी ऊन तापलं की शेपटी सरळ वर उभी करून बसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आजारी आहे की काय.

परवा थोडा गाळ काढावा म्हणून हात घातला, तर तळातून काळपट-तपकिरी किडे निघाले. बोटाच्या पेरापेक्षा लहान, सहा पाय, पोट रुंद आणि चपटं, अंगभर गाळ माखलेला. एक बादलीत ठेवून पाहिला. पाय न हलवता एकदम झटक्यात पुढे गेला! आणि लव्हाळ्याच्या पात्यांवर, पाण्याच्या जरा वर, त्याच आकाराची कोरडी पोकळ सालं चिकटलेली आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर चीर आणि चिरेतून पांढरे धागे लोंबतायत.

घरच्यांचं म्हणणं आहे की टाकी पूर्ण उपसावी, चुना मारावा आणि नव्याने पाणी भरावं. डास होतील ही भीती आहेच. माझं मन होत नाहीये, पण उत्तरही देता येत नाही. हे किडे त्या चतुराचेच का? चावतात का? कमळ खातात का? डासांसाठी गप्पी मासे सोडले तर चालेल का? आणि वर्षभर काठीवर दिसतोय तो एकच चतुर आहे का?

काठावरची:

टाकी उपसू नका, आणि चुना तर अजिबात नको. हे आधी सांगते, कारण तुमच्याकडे पंप लावायची तयारी झालेली दिसते.

हो, त्या चतुराच्याच अळ्या आहेत. त्याच्याच म्हणजे त्याच जातीच्या असतील असं नाही, एका टाकीत दोन-तीन जाती एकत्र वाढतात, पण आहेत चतुराच्याच. पाय न हलवता झटक्यात पुढे जाणं ही त्यांची खूण. चतुराच्या अळीचे कल्ले तिच्या गुदाशयाच्या आत असतात. मागच्या टोकाने ती पाणी आत ओढते, त्यातला प्राणवायू घेते आणि पाणी बाहेर सोडते. दिवसभर हेच चाललेलं असतं. घाबरली की तेच पाणी जोरात मागे फेकते आणि त्या रेट्याने स्वतः पुढे जाते. टाचणी म्हणजे चतुराची ती सडपातळ नातलग, तिच्या अळीला शेपटीच्या टोकाशी तीन लांबट पानं बाहेरच दिसतात. तुमच्या किड्यांना ती नाहीत आणि पोट रुंद आहे, म्हणजे चतुरच.

माणसाला चावत नाहीत. ओंजळीत घेतलीत तर पोटाच्या टोकाचे काटे जरा टोचतील, इतकंच. कमळाला तोंडही लावणार नाहीत, कारण त्या पक्क्या मांसाहारी आहेत. सुरुवातीला पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, मग डासांच्या अळ्या, पाणकिडे, मोठ्या झाल्यावर बेडकाची पिल्लं, लहान मासे, आणि भूक लागली तर स्वतःच्याच लहान बहिणी. शिकारीची पद्धत बघण्यासारखी असते. चतुराच्या अळीचा खालचा ओठ लांब, मधे बिजागरी असलेला आणि पुढे पकड असलेला असतो. एरवी तो घडी घालून डोक्याखाली ठेवलेला. सावज टप्प्यात आलं की सेकंदाच्या काही शतांश भागात सुटतो, पकडतो आणि घास तोंडाशी आणतो. बरीच वर्षं असं मानलं जायचं की पोटातल्या पाण्याच्या दाबाने हा ओठ बाहेर फेकला जातो. २०२१ मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तिथे ताणून धरलेली आणि एकदम सोडली जाणारी यंत्रणा आहे, तीही एक नाही, दोन, आणि दोन्हींवर अळीचा ताबा असतो. हे वाचल्यापासून मी काचेच्या भांड्यात अळी ठेवून तासन्‌तास बसले आहे. तो ओठ बाहेर पडताना दिसतच नाही. सावज होतं, आणि आता नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. नाही, वर्षभर तोच चतुर नाही. उडणारा चतुर काही आठवडे जगतो, फार तर महिना-दोन महिने, आणि तेही पक्ष्यांच्या आणि कोळ्यांच्या तावडीतून सुटला तर. काठी तीच आहे, चतुर बदलत गेले आहेत. त्यांच्यातले काही तुमच्याच टाकीत वाढलेले असणार, त्याचा पुरावा लव्हाळ्यावर चिकटलेला आहे. आपण ज्याला चतुर म्हणून ओळखतो तो या प्राण्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा असतो. त्याआधीचं सगळं आयुष्य तळाच्या गाळात गेलेलं असतं. उबदार उथळ पाण्यात अळीची वाढ दोनेक महिन्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालते. थंड झऱ्यांमधल्या काही जातींना चार-पाच वर्षं लागतात. म्हणून ज्याला काठीवरचा चतुर हवा आहे त्याने तळातला गाळ सांभाळायला हवा. टाकी उपसून, घासून, चुना मारून झाल्यावरही काही दिवस लाल चतुर तिथे येत राहील, तुम्हाला वाटेल काही बिघडलं नाही. पण पुढच्या पिढीची जागा रिकामी झालेली असेल.

ती सालं म्हणजे अळीची शेवटची कात. अळी वाढताना साधारण दहा-बारा वेळा कात टाकते, पण आधीच्या सगळ्या पाण्यातच पडतात. शेवटची तेवढी बाहेर. तिच्याआधी अळी काही दिवस खाणं थांबवते. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या फुगतात, आणि ती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन डोकं बाहेर काढून राहू लागते. मग एका रात्री किंवा पहाटे एखाद्या पात्यावर चढते, पाय घट्ट रोवते. पाठीवर चीर पडते. आधी छाती बाहेर येते, मग डोकं, मग पाय. त्यानंतर ती मागे कलंडते आणि डोकं खाली करून तशीच लोंबत राहते, बराच वेळ, पाय कडक होईपर्यंत. ज्यांना माहीत नसतं ते इथे हळहळतात आणि हात लावतात. लावू नका. पाय पुरेसे घट्ट झाले की ती एका उसळीत वर येते, स्वतःच्याच रिकाम्या सालाचं डोकं पकडते आणि उरलेलं पोट ओढून काढते. पंख त्या वेळी पिळलेल्या ओल्या कापडासारखे असतात. त्यांच्या शिरांत शरीरातला द्रव भरला जातो आणि अर्ध्या तासाच्या आसपास ते पूर्ण लांब होतात, दुधाळ असतात ते स्वच्छ होतात. चिरेतून लोंबणारे पांढरे धागे म्हणजे श्वासनलिकांचं जुनं अस्तर. शरीराच्या बाहेरच्या सालाबरोबर आतल्या नळ्यांचीही कात निघते.

हे सगळं होईपर्यंत तो पळू शकत नाही, उडू शकत नाही, लपू शकत नाही. मुंग्या, कोळी, बेडूक, पहाटे उठलेले पक्षी, सगळ्यांना तो सोपा. अंधारातच बाहेर यायचं कारण हेच.

नवा चतुर पहिल्या उड्डाणात पाण्यापासून लांब जातो. पंख चकचकीत, अंग मऊ आणि रंग पिवळट. तुमचा लाल चतुर जर मी समजते तोच असेल, तर त्याच्या पोटावर वरच्या बाजूने मधोमध एक बारीक काळी रेघ असेल आणि मागच्या पंखांच्या बुडाशी पिवळसर-तांबूस डाग. बघून सांगा. असेल तर तो स्कार्लेट स्किमर, शास्त्रीय नाव क्रोकोथेमिस सर्विलिया. पश्चिम आशियापासून जपानपर्यंत तळी, डबकी, टाक्या, सगळीकडे दिसणारी जात आहे. हिच्यातले नरही सुरुवातीला मादीसारखे पिवळेच असतात, वयात येताना लाल होतात. हा लाल रंग नवा तयार होत नाही. त्वचेतलं रंगद्रव्य तेच राहतं, फक्त त्याच्यावर रासायनिक क्रिया होते, ऑक्सिडेशनच्या उलट दिशेची. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये हे याच जातीवर आणि तिच्या दोन लाल नातलगांवर दाखवलं. पिवळ्या चतुरांना त्यांनी क जीवनसत्त्व टोचलं, आणि पिवळे लाल झाले!

काठीचं म्हणाल तर ती त्याची शिकारीची आणि राखणीची जागा आहे. काही चतुर दिवसभर उडत राहतात, हा बसून वाट बघणाऱ्यांपैकी आहे. वरून काही गेलं की उठतो, हवेतच पायांच्या जाळीत पकडतो आणि परत येतो. तो सावजाच्या मागे धावत नाही, सावज थोड्या वेळाने जिथे असेल तिथे जातो. बसून शिकार करणाऱ्या चतुरांच्या अशा झेपांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास यशस्वी होतात असं मोजमापांत दिसलं आहे. वाघ-सिंह याच्या जवळपासही येत नाहीत. दुसऱ्या लाल चतुराला हाकलतो तो मादीसाठी. मादी एरवी पाण्यापासून दूर झाडोऱ्यात असते, इकडे येते ती मीलनासाठी आणि अंडी घालायला, म्हणून पाण्याची चांगली जागा ज्याच्या ताब्यात, त्याला संधी. आणि शेपटी वर करणं हा आजार नाही. ऊन डोक्यावर असताना शेपटीचं टोक सूर्याकडे रोखलं की अंगावर कमीत कमी ऊन पडतं. पुढच्या वेळी बघा, सूर्य कलेल तशी शेपटीही कलते.

गप्पींचं वेगळं लिहावं लागेल. आधी काळ्या रेघेचं सांगा.

काचेचीपेटी:

गप्पींबद्दल मी सांगतो, मासे पाळतो म्हणून. मोठ्या झालेल्या अळ्या असलेल्या टाकीत गप्पींची पिल्लं टिकत नाहीत. बाहेरून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर माझ्या काचेच्या पेटीत एक अळी आली होती, शेवाळात बसलेली, दिसतही नव्हती. पिल्लं रोज कमी होत होती आणि मी पाण्याला, अन्नाला दोष देत होतो. शेवटी रात्री टॉर्च मारला तेव्हा ती सापडली, तोंडात पिल्लू धरलेली. मोठ्या गप्पींना सहसा काही होत नाही, पण रात्री तळाशी आलेला मासा तीही धरते.

उलट बाजूही तितकीच खरी. गप्पींची संख्या वाढली की चतुराची अंडी आणि नुकत्या बाहेर आलेल्या अळ्या ते शिल्लक ठेवत नाहीत. मधल्या काळात कोण जिंकतं ते टाकीत झाडोरा किती यावर आहे. मी म्हणेन की दोन्ही हवे असतील तर दोन टाक्या करा.

एक शंका मात्र आहे. मासे नसतील तर डासांचं काय? नुसत्या अळ्यांच्या भरवशावर राहायचं का? घरच्यांना पटेल असं काहीतरी हवं ना.

कमळटाकी:

काळी रेघ आहे! सकाळी फोटो काढून मोठा करून पाहिला, पोटावर वरून मधोमध, अगदी बारीक. मागच्या पंखांच्या मुळाशी डागही आहे. म्हणजे स्कार्लेट स्किमर नक्की.

आणि तुम्ही मादी म्हणालात तेव्हा आठवलं. तपकिरी-पिवळा एक चतुर मधूनमधून येतो आणि शेपटीचं टोक पाण्यावर टपटप आपटत जातो. त्या वेळी लाल त्याच्या, म्हणजे तिच्या, वरच तरंगत असतो. मला वाटायचं तो तिला हाकलतोय.

दादा, डासांचा प्रश्न माझाही तोच आहे. घरात लहान मूल आहे, त्यामुळे त्यावर तडजोड होणार नाही.

काठावरची:

छान निरीक्षण आहे. तो तिला हाकलत नव्हता, राखत होता. चतुरांमध्ये मादी एकापेक्षा जास्त नरांशी जुळते, आणि नंतरचा नर आधीच्याचं शुक्र बाजूला सारतो किंवा काढून टाकतो. हे पहिल्यांदा १९७९ मध्ये एका टाचणीवरच्या अभ्यासात स्पष्ट दिसलं, मग इतर जातींतही सापडत गेलं. त्यामुळे मीलन झाल्यावर अंडी घालून होईपर्यंत दुसऱ्या नराला जवळ येऊ न देणं हे त्याच्या दृष्टीने मीलनाइतकंच महत्त्वाचं. काही जातींचे नर मादीची मान धरूनच ठेवतात, जोडीने उडत अंडी घातली जातात. तुमचा वरून पहारा करतो. या कुळातल्या माद्यांना देठ चिरून आत अंडी घालायची सोय नसते, म्हणून त्या शेपटी पाण्याला लावून अंडी सोडून देतात. अंड्यांभोवती चिकट थर असतो, त्यामुळे ती पानांना, देठांना, तळाला चिकटतात आणि उबदार पाण्यात आठवड्या-दहा दिवसांत फुटतात.

आता डास. घरात मूल आहे म्हणून स्पष्ट लिहिते. चतुर आहेत म्हणजे डास नाहीत, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उडणारा चतुर उन्हातला शिकारी आहे, आणि बरेच डास संध्याकाळनंतर बाहेर पडतात, तेव्हा तो पात्याला धरून झोपलेला असतो. अळीचं तसं नाही. ती डासांच्या अळ्या जिथे असतात तिथेच राहते आणि रात्रंदिवस खाते. योगायोग बघा, यावरचं एक नावाजलेलं काम तुमच्याच लाल चतुरावर झालं आहे. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये लोकांनी स्वतः भाग घेऊन घरातल्या पाण्याच्या साठ्यांत क्रोकोथेमिस सर्विलियाच्या अळ्या सोडल्या आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची संख्या खाली आणली. १९९० मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण लक्षात घ्या, तिथे अळ्या ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा सोडत होते, कारण मोठी झालेली अळी उडून जाते आणि मागे जागा रिकामी राहते.

तुमच्या टाकीत अळ्या आपोआप येतायत ही चांगली गोष्ट. तरी दर आठवड्याला एका पांढऱ्या वाटीत कडेचं पाणी घेऊन बघा, वळवळणाऱ्या डासअळ्या किती दिसतात ते. दोन-चार दिसल्या तर हरकत नाही. सतत भरपूर दिसल्या तर कमळाच्या पानांची दाटी कमी करा, म्हणजे चतुराच्या अळ्यांना शिकार करायला मोकळी जागा मिळेल. आणि खरं सांगायचं तर घरातले डास टाकीपेक्षा कुंडीखालच्या बशीत, कूलरमध्ये, गच्चीवर पडलेल्या टायरमध्ये जास्त वाढतात. तिथे चतुर अंडी घालत नाही, घातली तरी अळी मोठी होईपर्यंत पाणी टिकत नाही. त्या जागा आठवड्यातून एकदा कोरड्या करा. उपसायचं असेल तर ते उपसा. डासनाशक औषध टाकीत टाकू नका, बऱ्याच औषधांनी डासांबरोबर त्यांचे शिकारीही मरतात, आणि नंतर डास आधी परत येतात, शिकारी मागाहून.

गाळ काढायचाच असेल तर एका वेळी पाव भाग काढा, तोही एकाच कोपऱ्यातून. काढलेला गाळ आणि शेवाळ टाकीच्या काठावर, पाण्याकडे उतार असेल असं रात्रभर ठेवा. अळ्या आणि गोगलगायी त्यातून परत पाण्यात उतरतात. सकाळी उरलेलं झाडांना घाला, उत्तम खत आहे.

गप्पींबाबत काचेचीपेटी यांचं म्हणणं मला पटतं, दोन टाक्या.

गच्चीवरून:

विषय थोडा बाजूला जातोय, पण विचारून घेतो. आमच्याकडे तळं नाही, टाकी नाही. तरीही चतुर येतात आणि काळ्या गाडीच्या बॉनेटवर शेपटी आपटतात, तुम्ही वर्णन केलंय अगदी तसं. बॉनेटवर बारीक डाग पडलेत. हे अंडी घालणंच आहे का? गाडीवर का?

काठावरची:

अंडी घालणंच आहे, आणि हे बाजूला जाणं नाही, कारण याचा उलगडा पाण्याशीच जोडलेला आहे. चतुर पाणी ओळखतो ते परावर्तित उजेडावरून. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून येणारा उजेड आडव्या दिशेने ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्याच हलतात. आपल्या डोळ्यांना तो कळत नाही, त्याच्या डोळ्यांना कळतो. गडद, गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग तोच संकेत देतात, काही वेळा पाण्यापेक्षाही जोरात. म्हणून काळं बॉनेट त्याला उत्तम तळं वाटतं. हंगेरीत एका दफनभूमीतल्या घोटीव काळ्या दगडांवर चतुर तळ्याकाठी असल्यासारखे वागतात, जागा राखतात, अंडी घालायचा प्रयत्न करतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवलं आहे. सोलर पॅनेलकडेही काही पाणकीटक याच कारणाने ओढले जातात. पॅनेलवर पांढऱ्या रेघांची जाळी असेल तर ते आकर्षण बरंच कमी होतं, हेही त्याच गटाने २०१० मध्ये दाखवलं.

डागांचंही खरं आहे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर अंड्यांतल्या प्रथिनांपासून आम्ल तयार होतं आणि ते रंगावरच्या पारदर्शक थराला खातं. ब्राझीलमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी २००० मध्ये हे तपासलं होतं. गाडीवर कापडी आच्छादन घाला, रंग वाचेल. आणि त्या मादीची अंडीही वाया जाणार नाहीत, याचं मला जास्त वाटतं. एका फेरीत ती शेकडो अंडी सोडते, ती सगळी पत्र्यावर करपतात.

कमळटाकी:

घरचे तयार झालेत. टाकी उपसायची नाही, कूलर आणि कुंड्यांच्या बशा मी सांभाळायच्या, असं ठरलं. पांढऱ्या वाटीचा प्रयोग मुलीला फार आवडला, ती मोजून वहीत लिहिते.

आज पहाटे टॉर्च घेऊन गेलो होतो. एकाच पात्यावर एकाखाली एक असे दोन चढलेले. वरचा व्यवस्थित बाहेर आला आणि उजाडल्यावर उडाला. खालच्याचे पंख उघडताना वरच्याच्या सालाला आणि पात्याला अडकले. आता एका बाजूचे दोन्ही पंख दुमडलेले राहिलेत, तो पात्यावर नुसता सरकतोय. ते पंख सरळ करता येतील का? किंवा आत घेऊन काही दिवस सांभाळला तर?

काठावरची:

नाही, करता येणार नाहीत. पंखांत द्रव भरण्याची वेळ एकदाच असते. त्यानंतर ते जसे सुकतात तसेच राहतात, कारण उडणारा चतुर पुन्हा कात टाकत नाही. ओढून सरळ केलेत तर फाटतील. आत ठेवून सांभाळण्यातही अर्थ नाही, तो फक्त हवेतलं, हलणारं सावज पकडतो, बसल्या जागी भरवणं त्याच्यासाठी त्रास आहे. त्याला तिथेच राहू द्या.

हे प्रत्येक टाकीत होतं. वारा, पाऊस, चढताना झालेली ढकलाढकली, कोळ्याचं जाळं, किंवा तुम्ही पाहिलंत तशी जागेची टंचाई. यातल्या शेवटच्या गोष्टीवर तुम्हाला उपाय करता येतो. सिमेंटच्या टाकीच्या भिंती सरळ आणि गुळगुळीत असतात, अळीला तिथे धड चढता येत नाही, त्यामुळे सगळ्या त्या एका लव्हाळ्याकडे जातात. अजून काठ्या रोवा. खडबडीत हव्यात, सालीसकट असल्या तर उत्तम. प्लास्टिकच्या नळ्या नकोत, त्यांच्यावर पाय धरत नाहीत. तळात घट्ट बसवा, वाऱ्याने हलता कामा नयेत. पाण्याच्या वर हातभर उंच ठेवा आणि दोन काठ्यांत वीतभर अंतर सोडा. काही काठ्या भिंतीला टेकवून तिरक्या लावा, तिरक्या काठीच्या खालच्या बाजूने लोंबणाऱ्याला पंख पसरायला मोकळी जागा मिळते. जुनी सालं दिसली की मोजून काढून टाका, मुलीच्या वहीत तीही येऊ देत. काढताना आधी पाठीवरची चीर बघा. चीर नसेल तर आत अजून कुणीतरी आहे, त्याला हात लावू नका.